कोण बोलतंय? एका प्रबंधिकेच्या तळटिपांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठीतून ख्रिस्ती थिऑलॉजी (धर्मशास्त्र) शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमात मी संदर्भलेखनाचे तास घेतो. वर्ग शनिवार-रविवारी, अभ्यास दोन वर्षांचा आणि विद्यार्थी सगळे प्रापंचिक: शाळेतल्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, नर्स, एक बागायतदार. शेवटी प्रत्येकाने सहा-सात हजार शब्दांची प्रबंधिका लिहायची असते. तिला एक मार्गदर्शक फादर असतात आणि सादर करण्याआधी दुसरे एक वाचक ती तपासतात. खालचं प्रकरण अशाच एका प्रबंधिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

विद्यार्थिनी वसईकडच्या, पेशाने फौजदारी वकील. वर्गात सगळे त्यांना वकीलबाईच म्हणत, मीही इथे तसंच म्हणतो. त्यांनी विषय निवडला तो मृत्युदंडाचा: ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, त्याविषयीची शिकवण कशी बदलत गेली. विषय का घेतला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एक प्रसंग सांगितला. ज्युनिअर असताना एका खुनाच्या खटल्यात निकालाच्या दिवशी आरोपीची आई कोर्टाच्या व्हरांड्यात रोझरी म्हणत बसली होती, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मयताची आई. दोघींच्या हातांत सारखीच माळ. "त्या दोघींना एकाच वेळी काय सांगायचं, ते मला शोधायचंय," त्या म्हणाल्या. इतक्या आतून आलेला विषय असला की लिहिणाऱ्याला वाक्यं पटापट सापडतात आणि ती कुठून आली हे तपासायला थांबवत नाही. इथे तेच झालं.

हाताशी साधनं तीन. आईकडून आलेली कॅटेकिझमची, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाची, 1994 सालची इंग्रजी प्रत, पानं पिवळी पडलेली, आत खूण म्हणून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. बायबल सोसायटीचं मराठी बायबल. आणि मोबाइलमध्ये दोन वर्षं जमवलेले उतारे, त्यांतले बरेच इंटरनेटवरून कापून घेतलेले.

अडचण कुठे निघाली

पहिला पूर्ण मसुदा मी तपासला तेव्हा मला तो स्वच्छ वाटला. तळटिपा एकसारख्या होत्या, ग्रंथांची नावं तिरप्या अक्षरांत होती, संदर्भसूची अकारविल्हे लावलेली होती. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि मसुदा पुढे पाठवला.

दुसरे वाचक म्हणजे नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक फादर. सादर करायला तीन आठवडे उरले असताना त्यांच्याकडून मसुदा परत आला. समासात पेन्सिलने सात ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: "कोण बोलतंय?" सातांतल्या पाच जागा इथे सांगण्यासारख्या आहेत.

पहिली जागा कॅटेकिझमची. वकीलबाईंनी लिहिलं होतं की ख्रिस्तसभा अत्यंत गंभीर प्रकरणांत मृत्युदंड नाकारत नाही, आणि तळटीप होती: कॅटेकिझम, परिच्छेद 2267. पुढच्याच पानावर लिहिलं होतं की ख्रिस्तसभेच्या मते मृत्युदंड मान्य करता येत नाही. तळटीप पुन्हा तीच: 2267. वाचणाऱ्याला वाटावं, लेखिकेचाच गोंधळ झालाय. खरं तर दोन्ही वाक्यं कॅटेकिझमचीच आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांची.

कॅटेकिझममध्ये 2865 परिच्छेद आहेत आणि ते क्रमांक सगळ्या भाषांत सारखे. म्हणून पानाचा नंबर द्यायचा नाही, परिच्छेदाचा द्यायचा, हे मीच वर्गात शिकवतो. नियम चांगला आहे, पण या एका जागी तो दगा देतो. 1992 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅटेकिझम प्रसिद्ध केला, त्याचं इंग्रजी भाषांतर 1994 मध्ये आलं. त्यात "अत्यंत गंभीर प्रकरणांत मृत्युदंड वगळलेला नाही" हा मजकूर 2266 मध्ये होता. 1995 मध्ये त्याच पोपांचं 'इव्हांजेलियुम विते' हे एन्सायक्लिकल, म्हणजे पोपांचं परिपत्रक, आलं. त्याच्या 56 व्या परिच्छेदात म्हटलं होतं की समाजाचं रक्षण करण्याचा दुसरा मार्गच नाही अशी वेळ आता फार क्वचित येते, जवळजवळ येतच नाही. 1997 मध्ये कॅटेकिझमची अधिकृत लॅटिन आवृत्ती निघाली तेव्हा हा विचार त्यात घेतला गेला आणि मृत्युदंडाचा मजकूर 2267 मध्ये नव्याने लिहिला गेला. मग ऑगस्ट 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 2267 पुन्हा बदलला: मृत्युदंड मान्य करता येत नाही, आणि तो जगभरातून रद्द व्हावा यासाठी ख्रिस्तसभा काम करते.

म्हणजे वकीलबाईंनी शब्द घेतले होते आईच्या प्रतीतल्या 2266 चे आणि नंबर दिला होता कुठल्याशा नव्या लेखात वाचलेला 2267. त्या फादरांनी कपाटातली जुनी प्रत काढली, 2267 उघडला, तिथे ते वाक्य नव्हतं. पेन्सिल तिथेच उठली.

दुसरी जागा तेराव्या शतकातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांची, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. मसुद्यात म्हटलं होतं की थॉमस या प्रश्नावर संभ्रमात दिसतात: आधी बायबलमधल्या यहेज्केल 33:11 चा आधार घेऊन म्हणतात की पाप्याचा मृत्यू देवाला नको असतो, त्याने वळावं आणि जगावं हे हवं असतं, म्हणून पाप्याला मारणं अन्यायाचं आहे; आणि लगेच खाली उलटच सांगतात. तळटीप बरोबर होती: त्यांचा ग्रंथ सुम्मा थिओलॉजिए, दुसऱ्या भागाचा दुसरा भाग, प्रश्न 64, कलम 2. पत्ता अचूक, घरात गेल्यावर माणूस मात्र भलताच.

सुम्माच्या प्रत्येक कलमाची मांडणी ठरलेली असते. आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप येतात, "असं वाटतं की..." अशा सुरुवातीने. मग "पण याउलट" म्हणून एखादं प्रमाणवचन. मग "माझं उत्तर असं" म्हणून थॉमस यांचं स्वतःचं म्हणणं. आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला क्रमाने जबाब. यहेज्केलचा आधार आहे तो दुसऱ्या आक्षेपात. तो ज्याला उत्तर द्यायचं आहे त्या पक्षाचा युक्तिवाद आहे. थॉमस यांचं उत्तर आहे ते कुजलेल्या अवयवाच्या दृष्टांताचं: सगळ्या देहाच्या आरोग्यासाठी असा अवयव कापणं योग्य असेल, तर समाजाला घातक ठरलेल्या माणसाबाबतही तसंच. वकीलबाईंच्या मनाविरुद्ध होतं, पण थॉमस यांचं मत तेच आहे. त्यात संभ्रम कुठेच नाही.

तिसरी जागा त्याच कलमातली. "पण याउलट" या भागात थॉमस एक स्तोत्र देतात आणि बऱ्याच इंग्रजी भाषांतरांत त्याचा आकडा छापलेला असतो 100:8. वकीलबाईंनी तो तसाच मराठीत उतरवला: स्तोत्रसंहिता 100:8. आपलं मराठी बायबल उघडून पाहा, शंभराव्या स्तोत्रात पाचच वचनं आहेत. थॉमस वापरत ते व्हल्गेट, म्हणजे बायबलचं जुनं लॅटिन भाषांतर, ग्रीक परंपरेचे क्रमांक वापरतं, आणि ग्रीकमध्ये हिब्रूतलं नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र आहे, म्हणून तिथून पुढे बहुतेक स्तोत्रांचा आकडा एकाने मागे राहतो. आपल्याकडे ते स्तोत्र 101 आहे, आणि आठवं वचन तिथे सापडतं.

चौथी जागा "पापाचा द्वेष करा, पाप्याचा नको" या वाक्याची. मसुद्यात ते 'बायबल म्हणते' असं आलं होतं, तळटीप नव्हती. आपल्याकडे हे वाक्य इतकं रुळलंय की प्रवचनांतही ते येशूच्या तोंडी घातलेलं मी ऐकलंय. गांधीजींनी ते वापरल्यामुळे ते आणखी सगळ्यांचं झालं. बायबलात ते नाही. जवळचं मूळ आहे चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप संत ऑगस्टीन यांच्या 211 व्या पत्रात: माणसांवर प्रेम आणि दोषांचा द्वेष. तेही मठातल्या धर्मभगिनींनी एकमेकींच्या चुका कशा सुधाराव्यात याविषयी आहे. फाशीशी त्याचा संबंध नाही.

पाचवी जागा 'तत्रैव'ची, म्हणजे 'वरच्या तळटिपेतल्याच ग्रंथात' या खुणेची. वकीलबाईंनी एक परिच्छेद उचलून वर नेला, आणि त्याखालचं "तत्रैव, परि. 263" हे भलत्याच ग्रंथाच्या खाली जाऊन बसलं. ते होतं पोप फ्रान्सिस यांच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या एन्सायक्लिकलमधलं, 2020 चं. आता ते जॉन पॉल यांच्या 1995 च्या एन्सायक्लिकलकडे बोट दाखवत होतं, ज्यात इतके परिच्छेदच नाहीत. कम्प्युटरवर लिहिताना हे कुणाचंही होतं. पण ज्या प्रबंधिकेचा सगळा भार 'कोणत्या पोपांनी काय म्हटलं' यावर आहे, तिथे ही चूक टायपिंगची राहत नाही.

समोरचे पर्याय

वकीलबाई, मार्गदर्शक फादर आणि मी एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत बसलो. वकीलबाई दुखावलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं, "सर, मुद्दा तर बरोबर आहे ना? ख्रिस्तसभा आज फाशीच्या विरोधात आहे, हे खरं आहे. मग नंबर दुरुस्त करून टाकते, रात्रीत होईल."

हा पहिला पर्याय होता. वेळेच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा. मला स्वतःला तो थोडा पटलाही होता, हे कबूल करायला हवं. पण थॉमस यांच्या परिच्छेदात दुरुस्त करण्यासारखा नंबरच नव्हता. तळटीप आधीपासून बरोबर होती आणि वरचं वाक्य चूक होतं.

दुसरा पर्याय मार्गदर्शक फादरांनी मांडला: इतिहासाचा सगळा भाग काढून टाका, फक्त 2018 चा मजकूर घ्या आणि त्यावर चिंतन लिहा. प्रबंधिका निम्मी होईल पण निर्दोष होईल. वकीलबाईंनी यावर लगेच मान हलवली. त्यांच्या मते मग व्हरांड्यातल्या दोन्ही आयांना सांगण्यासारखं काही उरणारच नव्हतं. "ख्रिस्तसभेने आज नाही म्हटलं, एवढंच सांगितलं तर मयताची आई विचारेल, मग काल का हो म्हणत होता?"

तिसरा पर्याय याच प्रश्नातून निघाला. बदललेला 2267 लपवायची गोष्ट नसून प्रबंधिकेचा कणाच तो करावा. 1992, 1997 आणि 2018 हे तीन मजकूर समोरासमोर ठेवायचे, प्रत्येकाखाली तो कुणाचा आणि कशाच्या आधारावर हे लिहायचं, आणि थॉमस व ऑगस्टीन यांना त्यांच्या खऱ्या जागी बसवायचं. तीन आठवड्यांत हे होईल का, याची खात्री कुणालाच नव्हती. मुदत महिनाभर वाढवून मागता आली असती, पण वकीलबाईंची त्यानंतर सेशन्सची तारीख होती, त्यांना वाढ नको होती.

निर्णय झाला तो एका तुलनेने. मार्गदर्शक फादर म्हणाले, "बाई, बच्चन सिंग निकालात भगवतींचं मत बहुमताच्या विरुद्ध होतं ना? उद्या कुणी ते मत सुप्रीम कोर्टाचा निकाल म्हणून तुमच्या न्यायाधीशांपुढे ठेवलं तर?" 1980 च्या त्या निकालात घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने मृत्युदंड घटनेत बसतो असं ठरवलं आणि 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' प्रकरणाची कसोटी घातली, एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात होते. वकीलबाई क्षणभर गप्प बसल्या. मग त्यांनी मसुदा ओढून घेतला आणि थॉमस यांच्या परिच्छेदावर सरळ रेघ मारली. "मी समोरच्या वकिलाचा युक्तिवाद निकाल म्हणून वाचलाय," त्या म्हणाल्या. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. जे त्या कोर्टात रोज करत होत्या, तेच इथे करायचं होतं.

काय केलं

पहिल्या आठवड्यात लिहिणं पूर्ण बंद. फक्त शोध. प्रत्येक अवतरणासाठी मूळ मजकूर डोळ्यांसमोर आणायचा, आणि तो आला नाही तर अवतरण काढून टाकायचं. मोबाइलमधले एकेचाळीस उतारे होते, त्यांतले सव्वीस टिकले. ऑगस्टीन यांच्या नावावरचे चार उतारे कुठल्याच पत्रात, प्रवचनात सापडले नाहीत, ते गेले. त्यांच्या जागी मात्र एक खरं आणि कितीतरी जास्त कामाचं सापडलं: 133 वं पत्र. एका कॅथलिक धर्मगुरूचा खून केल्याचं कबूल केलेल्या लोकांना शिक्षा द्यायची होती आणि ऑगस्टीन शाही अधिकारी मार्सेलिनस यांना लिहितात की त्यांचे प्राण घेऊ नका, त्यांचे अवयव तोडू नका. ख्रिस्ती न्यायाधीशाने प्रेमळ बापाचं कर्तव्य पार पाडावं. हा माणूस स्वतः पीडित बाजूचा होता, खून त्याच्याच माणसाचा झाला होता. वकीलबाईंनी मला रात्री साडेअकराला फोन केला, पत्र वाचून दाखवायला. "सर, मयताच्या आईशी बोलायला मला हा माणूस हवा होता."

दुसरं काम बायबलचं. प्रबंधिकेत ज्ञानग्रंथातलं एक वचन होतं, 11:26, देव सगळ्यांना जपतो कारण सगळे त्याचे आहेत, तो जीवनावर प्रेम करणारा प्रभू आहे, अशा अर्थाचं. त्यांच्या हातातल्या प्रतीत 66 ग्रंथ. ज्ञानग्रंथ त्यात नाही. कॅथलिक बायबलात 73 ग्रंथ असतात. त्यांनी ते वचन इंग्रजीवरून स्वतः मराठीत आणलं होतं आणि खाली मात्र सरसकट बायबल सोसायटीचं नाव होतं. आता पहिल्याच तळटिपेत स्पष्ट केलं: बायबलची वचनं अमुक मराठी आवृत्तीतली, ज्ञानग्रंथातलं वचन वेगळ्या, कॅथलिक आवृत्तीवरून, अनुवाद लेखिकेचा, थॉमस यांच्या मजकुरातल्या स्तोत्राचा क्रमांक व्हल्गेटप्रमाणे 100, मराठी बायबलात 101. ही एक तळटीप पाच ओळींची झाली, आणि त्यानंतर सगळीकडे फक्त कंसात ग्रंथ, अध्याय, वचन पुरलं.

तिसरं, कॅटेकिझमचे तीन मजकूर. त्यांनी ते एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकाच्या तळटिपेत वर्ष घातलं. 2018 च्या मजकुरात आणखी एक पदर होता. त्यातलं 'मान्य करता येत नाही' हे वाक्य अवतरणचिन्हांत आहे. ते पोप फ्रान्सिस यांच्या 11 ऑक्टोबर 2017 च्या भाषणातून घेतलेलं. मग संदर्भ कुणाचा द्यायचा, भाषणाचा की कॅटेकिझमचा? दोन्हींचा, असं ठरलं, आणि का ते वाक्यात सांगायचं: भाषणात ते पोपांचं म्हणणं होतं, कॅटेकिझममध्ये आल्यावर ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या ग्रंथाचा भाग झालं. शब्द तेच राहिले, वजन वाढलं. कॅथलिक लेखनात हा फरक दाखवणं हेच संदर्भाचं अर्धं काम असतं. बिशपांच्या परिषदेचा दस्तऐवज, एन्सायक्लिकल, एखाद्या रविवारचं भाषण आणि विमानात पत्रकारांशी केलेल्या गप्पा, सगळ्यांच्या आधी "पोप म्हणतात" एवढंच लिहिलं तर वाचकाला त्यांतला फरक कळणार कसा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजातल्या 25 व्या परिच्छेदात हेच म्हटलंय: पोप कोणत्या प्रकारच्या दस्तऐवजात बोलतात, तीच शिकवण किती वेळा सांगतात आणि कशा शब्दांत सांगतात, यावरून त्यांचा हेतू ओळखायचा.

आणि इथे सगळ्यांत अवघड निर्णय आला. पहिल्या मसुद्यात वकीलबाईंनी लिहिलं होतं, "2018 मध्ये ख्रिस्तसभेने आपली जुनी शिकवण रद्द केली." वकिलाच्या कानाला हे सरळ वाटतं, नवा निकाल जुन्याला उलटवतो. पण 2018 च्या दुरुस्तीबरोबर धर्मसिद्धांतविषयक विभागाचे प्रमुख कार्डिनल लादारिया यांचं 1 ऑगस्टचं पत्र बिशपांना गेलं होतं, आणि त्यात हा बदल शिकवणुकीचा विकास आहे, आधीच्या शिकवणुकीशी त्याचा विरोध नाही, असं म्हटलेलं आहे. मार्गदर्शक फादर म्हणाले, वाक्य बदला. वकीलबाईंनी नकार दिला. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की "वगळलेला नाही" आणि "मान्य करता येत नाही" ही दोन वाक्यं विकास या शब्दाने जोडता येत नाहीत. बराच वेळ वाद झाला. मी मध्ये पडलो ते एवढंच सांगायला की तुमचं मत काढून टाका असं कुणी म्हणत नाही, पण ते ख्रिस्तसभेच्या तोंडी घालू नका. शेवटी त्या जागी दोन वाक्यं आली. एकात पत्र काय म्हणतं ते, तळटिपेसह. दुसऱ्यात "प्रस्तुत लेखिकेला मात्र..." अशी सुरुवात, आणि त्याला तळटीप नाही. पानावर नुसतं बघूनच कळत होतं की कोणतं वाक्य कुणाचं.

'दुर्मिळातल्या दुर्मीळ' आणि जॉन पॉल यांचं "फार क्वचित, जवळजवळ येतच नाही" ही दोन्ही वाक्यं पहिल्या मसुद्यात एकाच अर्थाने आली होती. ती सुटी केली. कोर्टाची कसोटी गुन्हा किती भयंकर आहे आणि जन्मठेप पुरेशी आहे का हे पाहते. पोपांचं वाक्य समाजाला दुसऱ्या मार्गाने वाचवता येतं का हे पाहतं. हा भाग वकीलबाईंनी कुणाच्याही मदतीशिवाय लिहिला आणि तो अख्ख्या प्रबंधिकेतला सगळ्यांत चांगला आहे, असं माझं मत आहे.

'तत्रैव' पूर्ण काढून टाकलं. प्रत्येक तळटिपेत ग्रंथाचं छोटं नाव आणि परिच्छेद.

निकाल

प्रबंधिका ठरलेल्या दिवशी सादर झाली. सहा हजारांऐवजी पाच हजार तीनशे शब्दांची, कारण पुराव्याविना उभे असलेले दोन भाग गेले. तोंडी परीक्षेत दुसऱ्या वाचकांनी थॉमस यांच्यावरच प्रश्न विचारला, आणि वकीलबाईंनी तिसरा आक्षेप आणि त्यावरचा थॉमस यांचा जबाब न बघता सांगितला. त्या जबाबात पाप करणारा माणूस आपल्या मानवी प्रतिष्ठेपासून ढळतो असं म्हटलंय, आणि 2018 चा मजकूर नेमका याच्या समोर उभा राहतो: गंभीर गुन्हा केल्यावरही माणसाची प्रतिष्ठा जात नाही. सातशे वर्षांचा हा संवाद पहिल्या मसुद्यात दिसूच शकला नसता, कारण तिथे थॉमस यांच्या तोंडी त्यांच्या विरोधकाचे शब्द होते.

सगळं काही सुटलं असं नाही. "प्रस्तुत लेखिकेला मात्र" हे वाक्य मार्गदर्शक फादरांना अजूनही घाईचं वाटतं. आणि दुसऱ्या वाचकांनी एका जागी पेन्सिल पुन्हा चालवलीच: योहान 8 मधल्या व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे तळटिपेत यायला हवं होतं. कॅथलिकांसाठी तो बायबलचा भागच आहे, तरी मजकुराचा इतिहास सांगायला हवा, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते राहून गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट माझ्याकडून. मी तळटिपांचं रूप तपासलं, त्यांच्या वरचं वाक्य वाचलंच नाही. पाच मिनिटं काढून 2267 उघडला असता तर पहिली चूक मलाच दिसली असती. आता मी मसुदा हातात घेण्याआधी विद्यार्थ्याला कोणतीही तीन अवतरणं निवडून मूळ ग्रंथ घेऊन यायला सांगतो. तीन पुरतात. तिथे गोंधळ असला तर बाकीचं मी वाचतच नाही, आधी शोधाला परत पाठवतो.

दुसरी, मी वर्गात कॅटेकिझमचा परिच्छेद-क्रमांक शिकवताना तो क्रमांक कधीच बदलत नाही असं सूचित करत आलो होतो. आता 2267 हेच उदाहरण फळ्यावर असतं, तिन्ही वर्षांसह. डेन्झिंगर या सिद्धांतसंग्रहाचंही असंच आहे. 1963 च्या आवृत्तीत क्रमांक बदलले, म्हणून जुन्या लेखातला नंबर नव्या पुस्तकात शोधला तर भलतंच वाक्य हाती येतं. तेही आता सांगतो.

तिसरी, वकीलबाईंची स्वतःची सूचना. सुम्माचा पहिला तास वकिलांनी घ्यावा, असं त्या म्हणाल्या. पुढच्या तुकडीत त्यांनी तो घेतला. फळ्यावर चार रकाने काढले: वादी, प्रमाण, निकाल, जबाब. आणि प्रश्न 64, कलम 2 वर्गाकडून मोठ्याने वाचून घेतलं, प्रत्येक रकान्याला वेगळा माणूस उभा करून. यहेज्केलचं वचन ज्यांच्या वाट्याला आलं त्या बँकेतल्या काकांनी ते इतकं मनापासून वाचलं की वर्गाला वाटलं थॉमस हेच म्हणणार. मग निकालाच्या रकान्यातली नर्स उठली.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ती अजून चालू आहे. 2018 च्या मजकुरातला कळीचा शब्द इटालियनमध्ये 'इनाम्मिस्सिबिले', लॅटिनमध्ये 'नॉन पोस्से अद्मित्ती'. वकीलबाईंनी आधी 'अग्राह्य' लिहिलं होतं. तो कोर्टाचा शब्द, पुरावा अग्राह्य ठरतो तसा. फादरांना तो तांत्रिक वाटला. 'निषिद्ध' म्हटलं तर धर्मकायद्याचा वास येतो. 'पाप' म्हणणं तर मूळ मजकुराच्या पुढे जाणं झालं, कारण तो मजकूर तसं म्हणत नाही. प्रबंधिकेत 'मान्य करता येत नाही' असं साधं क्रियापद ठेवलं आणि तळटिपेत लॅटिन शब्द देवनागरीत दिले. मार्गदर्शक फादर अजून 'अस्वीकारार्ह'वर ठाम आहेत. पुढच्या तुकडीतल्या एका शिक्षिकेने 'अमान्य' सुचवलंय, आणि गेल्या रविवारी मिस्सेनंतर त्याच मागच्या खोलीत आम्ही पुन्हा त्यावर तासभर बसलो.